मेलपोची हवा

"गंज चढू द्यायचा नाही, एवान्थिया. मेलपोच्या डोक्यावर तिचं छप्पर येईपर्यंत गच्चीवरच्या या सळ्यांना गंज चढू द्यायचा नाही. दर शरदात लाल रंगाचा एक हात. विसरलीस तर वरून हाक मारीन हं."

स्तामातिस हे बोलले तेव्हा खोकल्याने त्यांचा आवाज पार पोखरला होता, तरी शेवटच्या वाक्याला ते हसले होते. एवान्थियाने भिंतीवरच्या देवमातेच्या तसबिरीकडे पाहून मान डोलावली होती. तिच्या लेखी तो नुसता शब्द नव्हता, नवस होता. नवऱ्याला दिलेला शब्द आणि देवाला दिलेला शब्द यांत तिने कधी फरक केला नाही. ऐकणारा शेवटी एकच, असं ती म्हणे.

आज बुधवार. तिचा तेलाचा उपास. जे तेल ती आज खाणार नव्हती तेच तिने देवमातेपुढच्या काचेच्या दिव्यात ओतलं, वात सरळ केली, क्रूसाची खूण केली. तेवढ्यात वर गच्चीवर लोखंड कापायचा ग्राइंडर घरघरला आणि थांबला.

"काय करतोय पान्देलिस वर?" तिने विचारलं.

"काही नाही गं, चालू होतंय का बघतोय," आर्गिरो म्हणाली. थोरली लेक काल वोलोसहून आली होती आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने घराचा ताबा घेतला होता. उद्या सकाळी बँकेचा माणूस घराचं मूल्यांकन करायला येणार. घेणारं जोडपं तरुण, दोघंही शाळेत शिकवणारी. बँकेच्या माणसाला घर पसंत पडलं तरच त्यांना कर्ज, आणि कर्ज मिळालं तरच विक्री. म्हणून सकाळपासून आर्गिरोने निम्मं सामान शेजारच्या अंगणात हलवलं होतं, कोंबड्या शेजारणीकडे पाहुण्या पाठवल्या होत्या, आणि आता चुलीवर लिंबाच्या साली उकळत ठेवल्या होत्या.

"हे कशाला?"

"वास चांगला येतो. घर मोठं दिसलं पाहिजे, उजेडाचं दिसलं पाहिजे आणि त्याला मासळीचा वास नको."

"बंदराजवळचं घर आहे, आर्गिरो. त्याला मासळीचा नाही तर काय गुलाबाचा वास येणार?" एवान्थिया हळूच म्हणाली. मग तिची नजर भिंतीशी सरकवलेल्या मोठ्या कपाटावर गेली. "हे इथे कुणी आणलं? याच्यामागे ओल आहे."

"म्हणूनच आणलंय!"

"त्याने विचारलं तर मी सांगेन."

"तो कशाला विचारेल?"

"मग मला सांगावं लागणार नाही. पण विचारलं, तर सांगेन."

आर्गिरोने वर बघून हात जोडले. "देवा, माझ्या आईला उद्या दहा वाजता प्रार्थनेला बोलावून घे."

एवान्थियाला हसू आलं. पण ग्राइंडर पुन्हा घरघरला आणि हसू गेलं.

पान्देलिस जिना उतरून आला, कपाळावर चष्मा, हातात वायरीचं वेटोळं. तो वरच्या मजल्यावर राहणारा मुलगा. महिनाभरात खाल्किदाला नव्या नोकरीवर जायचं होतं आणि त्या नोकरीने त्याची झोप कधीच नेली होती.

"आई, सगळ्या सळ्या कापतोय. संध्याकाळपर्यंत गच्ची साफ. आधीच सांगतो, म्हणजे आवाजाने दचकायला नको."

"मी नाही दचकत. आणि तू नाही कापत."

"आई! ती मास्तरीण पहिल्या दिवशी गच्चीवर आली तेव्हा बराच वेळ सळ्यांकडेच बघत होती. मग विचारलं काय, तर 'या अशाच राहणार का?' अर्धवट घर कुणाला आवडतं? बँकवाला वर चढला की आधी त्याच दिसणार, साळिंदरासारख्या."

"तुझ्या बाबांनी ठेवल्यात त्या."

"बाबांनी सगळ्या गावासारख्याच ठेवल्या! प्रत्येकाच्या घरावर आहेत. लेकीसाठी मजला, लेकीसाठी मजला. लेकी गेल्या जर्मनीला, सळ्या राहिल्या."

"हवा मेलपोची आहे," आर्गिरो एकदम म्हणाली.

ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त कुणी काढत नसे. स्तामातिसनी वाटण्या करताना आर्गिरोला बाजारातलं दुकान दिलं, पान्देलिसला पहिला मजला दिला, आणि धाकट्या मेलपोला, अजून काही बांधलंच नव्हतं म्हणून, घराच्या वरची हवा दिली. रीतसर, वकिलासमोर. गच्चीच्या वर जे काही उभं राहील ते मेलपोचं. उभं काहीच राहिलं नाही. मेलपो जर्मनीत एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबली, परत आली, बंदराजवळ शिवणकामाचं दुकान टाकलं आणि त्याच दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत राहू लागली. घरात तिच्या नावावर होतं ते एवढंच: वारा, ऊन आणि लाल सळ्या.

"मला दुकान, तुला मजला, तिला हवा," आर्गिरो कपडा पिळत म्हणाली. "बाबांचा न्याय. निदान कापण्याआधी तिला विचार तरी."

"तू कालपर्यंत माझ्या बाजूने होतीस!"

"काल मी फोनवर होते. फोनवर सळ्या दिसत नाहीत."

"सही करायला ती येणारच आहे. हवेला काय भाव आहे, आर्गिरो? घर विकलं तर तिलाही तिसरा हिस्सा मिळेल. आई पाळीपाळीने आपल्या दोघांकडे राहील. कुणाचं काय नुकसान आहे, सांग ना मला!"

पाळीपाळीने हा शब्द एवान्थियाने पहिल्यांदाच ऐकला होता. तिने टेबलावरच्या डाळीतला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला.

"मेलपो संध्याकाळी येईल," ती शेवटी म्हणाली. "तोवर थांब."

पान्देलिस थांबला नाही.

पान्देलिसच्या बायकोने, वासोने, तो आवाज वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात ऐकला, फरशा घासताना. लोखंड चिरलं जाण्याचा आवाज दातांत शिरतो. एक सळी. दुसरी. तिला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता: घाबरला की तो हाताला काम देतो, आणि काम जितकं मोठ्या आवाजाचं तितकी भीती मोठी.

खरं तर तिलाही हे घर सोडायचंच होतं. पण दर शरदात सासूबाई गुडघे धरत, दोन दोन पायऱ्यांवर थांबत गच्चीवर जायच्या, हातात डबा आणि ब्रश, ते तिनेच पाहिलं होतं. एकदा तिने म्हटलं होतं, "आई, मी लावते की रंग." तर त्या म्हणाल्या होत्या, "तू माझ्यासाठी जेवलीस तर माझं पोट भरेल का गं?"

आता जिन्यावर तीच पावलं वाजत होती. थांबत, श्वास घेत. वासो ओल्या हातांनीच बाहेर आली.

"आई, नका जाऊ. मी बोलते त्याच्याशी."

"तू त्याच्याशी भांडशील. मला भांडायचं नाही, मला फक्त बसायचंय."

आणि एवान्थिया खरंच जाऊन बसली. पान्देलिसने समुद्राकडचा एक कोपरा कापून काढला होता. खांबातून चार चमकते ठिपके वर बघत होते आणि कापलेले तुकडे गच्चीवर पडले होते. तो दुसऱ्या कोपऱ्याकडे वळला, तर त्या सळ्यांना टेकून, टोमॅटोच्या उलट्या खोक्यावर त्याची आई बसलेली.

"आई, ऊठ. ठिणग्या उडतात."

"उडू देत."

"तू हट्ट करतेयस."

"हो."

उत्तरेचा वारा सुटला होता. या कारिस्तोस गावात तो सुटला की सळ्या बारीक आवाजात गुणगुणतात. या घराची मुलं तो आवाज ऐकत झोपलेली. पान्देलिस यंत्र हातात धरून उभाच राहिला. मागून वासो आली आणि काही न बोलता सासूच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली.

"तूपण?"

"मीपण," वासो म्हणाली. "काप आता आम्हा दोघींना."

त्याने वायर काढली.

मेलपो आली तेव्हा उन्हं उतरली होती. तिच्या कोटाच्या कॉलरला अजून टाचण्या होत्या, दुकान बंद करून थेट आलेली. खाली आर्गिरोने तिला दारातच गाठलं आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं. मेलपोने ऐकलं, वर बघितलं.

"माझ्यावरून भांडताय?"

"तुझ्या हवेवरून."

"बरं आहे. लग्नाच्या वयात कुणी भांडलं नाही माझ्यावरून."

ती वर गेली. तिला पाहताच भाऊ उठून कठड्याशी गेला, वासो सोबत गेली. मेलपो आईच्या खोक्याजवळ उकिडवी बसली. लहानपणी शाळेत पोरं तिला चिडवायची, 'मेलपो हवेत राहते'. घरी येऊन रडली की बाबा तिला इथे आणायचे, या दोन खांबांच्या मध्ये उभं करायचे आणि म्हणायचे, इथे तुझी खिडकी. त्या नसलेल्या खिडकीतून तिने इतका समुद्र पाहिला होता की जर्मनीत धुक्याच्या दिवशीही तो तिला दिसायचा.

"आई, गार पडलीस की गं. चल खाली."

"तू सांग आधी. कापायच्या का?"

"मला विचारतेस?"

"तुझ्याच आहेत."

मेलपो आईच्या हाताकडे बघत राहिली. नखांच्या कडांना लाल रंग होता, धुऊन न जाणारा. "मला कुणी कधी विचारलंच नाही, आई. बाबांनी दिलं, तू सांभाळलंस, पान्देलिसला अडचण झाली. पण मला इथे वर राहायचंय का, हे कुणी विचारलं नाही."

"नाही राहायचं?"

"नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच एवान्थियाला वाटलं की आपण कुणाचा तरी नवस भलत्याच देवाला बोललो.

"ऐक तरी," मेलपो घाईने म्हणाली. "चॅपेलच्या मागे दोन खोल्या आहेत, लिंबाचं झाड असलेल्या. म्हातारा मेनेलास विकतोय. माझी बचत आहे, या घरातला वाटा येईल. छप्पर गळतं, ते बदलावं लागेल. पण जमिनीवर आहे, आई. एकसुद्धा पायरी नाही. मी दोनदा मोजून आले, तुझी खाट आणि देवाचा कोपरा पूर्वेच्या भिंतीला बसतो. तुला सांगणार होते. पण पान्देलिस म्हणाला, आई खाल्किदाला यायला तयार आहे. मग म्हटलं, तुला तिकडे नातवंडांत राहायचं असेल."

"मला कुणी विचारलंच नाही," एवान्थिया म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनाही हसू आवरेना. वाऱ्यात ते हसणं कठड्यापर्यंत गेलं.

"काय झालं?" पान्देलिसने विचारलं.

"काही नाही," मेलपो म्हणाली. "आई तुझ्याकडे पाळीपाळीने येणार नाही. माझ्याकडे राहील. तुझ्याकडे ईस्टरला येईल आणि तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवेल. आणि सळ्या आता काप, माझी ना नाही."

"माझी आहे," एवान्थिया म्हणाली. "तुझ्या डोक्यावर छप्पर आलं की कापू दे. अजून आलेलं नाही. मेनेलासचं छप्पर गळतंय, तूच म्हणालीस."

"आई, सकाळी दहाला माणूस येतोय!" पान्देलिस म्हणाला.

"येऊ दे, बाळा. त्याला कॉफी देऊ."

बँकेचा माणूस दहाला आला. तरुण, उन्हाने लालबुंद झालेला. पान्देलिसने रात्री डोळा लावला नव्हता. खोल्या मोजल्या जाताना तो मागे मागे फिरत राहिला, प्रत्येक दार उघडताना ते करकरणार नाही अशी काळजी घेत. आर्गिरोच्या लिंबाच्या साली वाया गेल्या नाहीत. माणूस म्हणाला, छान वास येतोय. मोठ्या कपाटाशी तो थबकला.

"याच्यामागे भिंत कशी आहे?"

आर्गिरोने डोळे मिटले.

"ओली," एवान्थिया म्हणाली. "गटाराचा पाइप गेल्या हिवाळ्यात फुटला. पाइप बदललाय, ओल अजून सुकतेय. हात लावून बघ, बाळा."

त्याने कपाट सरकवलं, हात लावला, मान हलवली, काहीतरी लिहिलं. पान्देलिसला वाटलं, झालं. घर गेलं, नोकरी गेली, सगळं या बाईच्या खरेपणाने गेलं. तरी का कोण जाणे, त्याला राग आला नाही. लहानपणी काच फोडल्यावर तिच्याजवळ उभं राहताना वाटायचं तसंच वाटलं.

"आता गच्ची," माणूस म्हणाला. "मुख्य तीच बघायची आहे."

"मुख्य?"

"घेणाऱ्यांनी खास सांगितलंय. वर मजला चढवता येईल का, सळ्या शाबूत आहेत का. मुलगी होणार आहे त्यांना. बाई म्हणाल्या, आम्ही विचारलं तर घरवाल्यांनी नीट उत्तरच दिलं नाही."

या अशाच राहणार का? पान्देलिसला ती कठड्याशी उभी असलेली आठवली, एक हात पोटावर. त्याच्या कानशिलांत रक्त चढलं.

माणसाने प्रत्येक खांब पाहिला. सळ्यांवर नख घासलं, हातोडीने ठोकून ऐकलं. "इतक्या वर्षांच्या सळ्या अशा मी पाहिल्या नाहीत. समुद्राच्या वाऱ्यात बहुतेक ठिकाणी हातात पोपडे येतात." मग तो समुद्राकडच्या कोपऱ्याशी आला. "हे काय? हे तर ताजं आहे."

आर्गिरो भावाकडे बघत होती. वासोही. त्या दोघी काहीतरी बोलून त्याला वाचवणार हे त्याला कळलं, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

"मी कापल्या. काल. मला वाटलं, वाईट दिसतात."

"भीतीपोटी," एवान्थिया मागून म्हणाली. "त्याच्यावर भार फार आहे."

माणूस हसला नाही. "त्या कोपऱ्यात भोकं पाडून नवीन सळ्या बसवता येतात. खर्च येईल, तो मी लिहीन. मजल्याचा हिशेब वेगळा इंजिनियर करेल. पण वरचा हक्क कुणाचा आहे? तो सोबत विकणार असाल तर तसं लिहावं लागेल."

"माझा," मेलपो पुढे झाली. कोटाला आज टाचण्या नव्हत्या. "हवा माझी आहे. मी देते त्यांच्या मुलीला."

"देते नाही गं, विकते म्हण!" आर्गिरो तिच्या दंडाला चिमटा काढत पुटपुटली. "बाबांच्या हवेला आज पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालंय."

मग मात्र माणूसही हसला. आकडा त्याने सांगितला नाही. तो बँकेला कळवणार. पण जाताना वासोने बशीत दिलेला अंजिराचा मुरंबा त्याने चाटूनपुसून खाल्ला आणि दारात म्हणाला, "घर खणखणीत आहे. ओल धरूनसुद्धा." पान्देलिस पायरीवरच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

दुपारी शेजारणीकडून कोंबड्या परत आल्या, खुर्च्या परत आल्या. उपासाचा दिवस कालच संपला होता, म्हणून टेबलावर तळलेली मासळी होती आणि घराला पुन्हा घराचा वास येत होता. पान्देलिस मेलपोला समजावत होता की कापलेल्या त्या तुकड्यांचा मेनेलासच्या अंगणात द्राक्षाच्या वेलीसाठी मांडव करून देईन, आणि छपरावर चढायला सुट्टी काढून येईन.

"ग्राइंडर घरी ठेवून ये," मेलपो म्हणाली, आणि वासो इतकी हसली की तिला ठसका लागला.

एवान्थियाने ताटलीतला शेवटचा घास खाल्ला, क्रूसाची खूण केली, दिव्यात तेल आहे ना ते पाहिलं. खिडकीबाहेर वारा अजून उत्तरेचाच होता, खारा, ओला. वर त्या कोपऱ्यातली चार टोकं कालपासून उघडी पडली होती, रंगाशिवाय, कोवळ्या लोखंडाची.

कुणाचं लक्ष नव्हतं. तिने ओट्याखालून लाल रंगाचा डबा काढला, झाकण चमच्याने सैल केलं, ब्रश रुमालात गुंडाळला, आणि कठड्याला धरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला.